माणिकरावांचं छप्पर सुटलं

मानवाने निसर्ग आणि स्वतः यांच्यामध्ये भिंत घातली आणि त्याच क्षणी कलेचा ऱ्हास सुरू झाला, हा सिद्धांत माणिकराव सरांनी आपल्या सेवानिवृत्तीच्या समारंभात मांडला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. कारण हे भाषणातलं शेवटचं वाक्य होतं आणि बाहेर मंडपात पुऱ्या तळून तयार होत्या.

माणिकरावांनी चिखलीच्या एका शाळेत तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली. या काळात त्यांचा कुंचला एक दिवस रिकामा बसला नाही. शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा त्यांनी सहा वेळा काढला, कारण दर वेळी रंगकाम करणारा आधी भारतावरूनच ब्रश फिरवायचा. थोर पुरुषांच्या तसबिरी काढल्या, लग्नघरांच्या दारांवर गणपती काढले, लसीकरणाची बाळं काढली. एकदा पाण्याच्या टाकीवर मोर काढला. त्या टाकीला आजही लोक कोंबड्याची टाकी म्हणतात.

पण हे सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. स्वतःचं म्हणावं असं एकच चित्र माणिकरावांच्या डोक्यात होतं. हिवरा आश्रमाच्या पुढे, कुसळखेडच्या वळणावर, एसटीच्या खिडकीतून त्यांनी एकदा माळ पाहिला होता. आश्विन महिना, कमरेएवढं गवत, सोन्यासारखं पिकलेलं, आणि वाऱ्याने सगळा माळ एकाच अंगाला कलंडलेला. दहा सेकंदांत वळण संपलं आणि पुढे खताचं दुकान आलं. त्या दहा सेकंदांवर माणिकराव तेहतीस वर्षं जगत होते.

"तेवढं एक चित्र काढलं की मी डोळे मिटायला मोकळा," असं ते म्हणत.

"आंधी गॅसचा नंबर लावा, मंग मिटा," असं आशाबाई म्हणत. आशाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. कलेच्या ऱ्हासाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

निवृत्त होताच माणिकरावांनी दोन गोष्टी केल्या. कुसळखेडच्या त्याच माळाला लागून दीड एकर जागा घेतली. आणि अमरावतीला भरणाऱ्या विभागीय चित्रप्रदर्शनाचा अर्ज भरला. चित्राचं नाव : माळ. आकार : चार फूट बाय सहा फूट. चित्र पोचवण्याची शेवटची मुदत : कोजागिरीचा दुसरा दिवस. नाव, आकार सगळं प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापूनही आलं. फक्त चित्र काढायचं राहिलं होतं. त्यासाठी आधी स्टुडिओ हवा होता, आणि स्टुडिओसाठी निशिगंधा होती.

निशिगंधा ही माणिकरावांच्या बहिणीची मुलगी. पुण्यात आर्किटेक्ट. ती कुसळखेडच्या माळावर उभी राहिली, तिने डोळे मिटले, दोन्ही हात पसरले आणि बराच वेळ तशीच राहिली. लांब बांधावर उभ्या असलेल्या माणसाने कपाळाला हात लावून पाहिलं आणि तो निघून गेला.

"मामा," डोळे उघडून ती म्हणाली, "आपण इथे घर बांधायचंच नाही."

"मग?"

"घर उगवू द्यायचं!"

"किती दिवसांत उगवते ते?" आशाबाईंनी विचारलं. "नाई, त्या हिशोबानं भाड्याची खोली सोडाले."

निशिगंधाचा नकाशा आला. घराचं छप्पर एका बाजूने थेट जमिनीपासून सुरू होत होतं. म्हणजे माळ चालत चालत यायचा आणि न थांबता घरावर चढायचा. छपरावर माती आणि मातीत पवन्या गवत, खाली होतं तेच. स्टुडिओला पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. जेवणाच्या जागी वर आकाश दिसायला काचेचा झरोका. कुंपण नाही.

"कुंपण म्हणजे अविश्वास, मामी."

"अन दोन वाफे मेथी, चार वांग्याची झाडं?"

"नाही. फक्त नेटिव्ह गवत. मेथी इथली नाही."

"मी बी अठची नाई," आशाबाई म्हणाल्या. त्यावर नकाशात काही तरतूद नव्हती.

मेहकरचे युसूफ मिस्त्री बांधकामाला होते. वय साठ, आयुष्यात दोनशे घरं बांधलेली. त्यांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला, उलटा करून उजेडावर पाहिला.

"बेटा, अठी जमीन संपते कुठं अन घर चालू होते कुठं?"

"तेच तर कळायला नको, चाचा!"

"मंग नकाशा बराबर हाय. मले काईच नाई कळून राह्यलं."

एक गोष्ट माणिकरावांना खटकली. चित्रकाराला उजेड उत्तरेचा लागतो, दिवसभर एकसारखा, हे त्यांनी तेहतीस वर्षं आठवीच्या पोरांना सांगितलं होतं. पश्चिमेची काच म्हणजे दुपारनंतर चित्रकार भाजून निघणार. त्यांनी हळूच विषय काढला.

"मामा, उत्तरेला लँडस्केप नाहीये," निशिगंधा म्हणाली. "उत्तरेला उकिरडा आहे."

हे खरं होतं. उत्तरेला शेजारी उकंडराव यांचा गोठा आणि त्यामागे त्यांच्या तीन पिढ्यांनी मिळून रचलेला उकिरडा होता. माणिकरावांनी मान डोलावली. भाचीसमोर अडाणी दिसण्यापेक्षा भाजून निघणं बरं.

आशाबाई मात्र निशिगंधा पुण्याला गेली त्या दिवशी युसूफ मिस्त्रींना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"युसूफभाऊ, अठी ओट्यावर एक खिडकी पाडून द्या."

"भाभी, नकाशात नाई."

"उजेड काय नकाशा पाहून येते काय?"

मिस्त्रींनी एका जुन्या घराची निघालेली चौकट आणली आणि उत्तरेच्या भिंतीत तीन बाय चारची खिडकी बसवून दिली. त्या घरातली नकाशात नसलेली ती एकच वस्तू. म्हणून तेवढी पावसाळ्यात गळली नाही.

श्रावणात मंडळी राहायला आली. छपरावर पवन्या हातभर वाढला होता. लांबून पाहणाऱ्याला तिथे घर आहे हे अजिबात कळत नव्हतं. कुरिअरवालाही तीनदा परत गेला.

चौथ्या दिवशी आशाबाई झरोक्याखाली बसून मेथी निवडत होत्या. मेथी विकतची. अचानक उजेड गेला. त्यांनी वर पाहिलं. काचेतून एक काळाभोर चेहरा शांतपणे त्यांच्याकडे पाहत रवंथ करत होता.

"अवो! वरतून कोणी तरी आलं!"

"कोण?" स्टुडिओतून माणिकराव ओरडले.

"उकंडरावची म्हैस!"

दोघं बाहेर धावले. उकंडराव खाली उभे राहून छपराकडे कौतुकाने पाहत होते. सत्तरीचा माणूस, डोक्याला पांढरा रुमाल. गावात त्यांच्या शब्दाला मान होता, कारण ते तो फारसा खर्च करत नसत.

"घाबरू नका मास्तर! गरीब जनावर हाय. कोणाच्या घरात जात नाई."

"घरात नाही हो, घरावर आहे!"

"तिले काय माईत घर हाय म्हणून? मलेच गेल्या मयन्यात समजलं."

निशिगंधाला फोन लावला तर ती आनंदाने किंचाळली. "मामा, डिझाइन यशस्वी झालं! प्राण्यांनी सीमा नाकारली!"

"त्यायनं छपरावर आणखी बी काई काई केलं," आशाबाई मागून म्हणाल्या. "ते बी सांगा."

तरीही माणिकराव सुखात होते. कारण पश्चिमेच्या काचेतून माळ दिसत होता, आणि माळावर गवत चढत होतं. भाद्रपदात गुडघाभर, मग मांडीपर्यंत. गवताचा हिरवा रंग उतरून त्यात पिवळी झाक येऊ लागली. माणिकरावांनी चार बाय सहाचा कॅनव्हास ताणून ठेवला, हातांची चौकट करून एक डोळा मिटला आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की माळाच्या कडेने ओळीने पांढरे ठिपके आहेत.

ते गोटे होते. टरबुजाएवढे. चुना लावलेले, वीस-वीस पावलांवर एक, माळाला वेढा घालून.

"हे गोटे चित्राची वाट लावताहेत," माणिकराव म्हणाले. "नजर क्षितिजाकडे जायच्या ऐवजी गोट्याला ठेचकाळते."

"मंग चित्रात काढू नका ना ते," आशाबाई म्हणाल्या.

"मी जे दिसतं तेच काढतो. कलेत प्रामाणिकपणा लागतो."

"प्रामाणिकपणा म्हणून गोटे उचलता?"

गोटे कोणी ठेवले, चुना कोणी लावला, कशासाठी लावला, हे ते गावात कोणालाही विचारू शकले असते. पण तेहतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तरं द्यायची सवय असते, प्रश्न विचारायची नसते. त्यातून उकंडरावही गावात नव्हते. ते लेकीकडे वडनेर भोलजीला गेले होते, दसऱ्यापर्यंत.

युसूफ मिस्त्री गळकं छत पाहायला टेम्पो घेऊन आले होते. माणिकरावांनी तोच टेम्पो माळावर नेला.

"सर, हे गोटे कोनाचे हाय?"

"निसर्गाचे."

"निसर्गानं चुना कवा लावला?"

"मिस्त्री, तुम्ही उचला."

एक्केचाळीस गोटे निघाले. ते ठेवायचे कुठे हे निशिगंधाने फोटो पाहून फोनवरच ठरवलं. "मामा, फेकू नका! आपल्या दीड एकराभोवती तसेच मांडा. माळाची आठवण घराला वेढून राहील." संध्याकाळच्या आत माळाची आठवण घराला वेढून राहिली. माळ स्वच्छ झाला. एकही ठिपका नाही. माणिकरावांनी काचेसमोर खुर्ची टाकली आणि उद्यापासून रेखाटनाला बसायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजू लागल्या. आधी चार, मग चाळीस. माणिकराव काचेशी आले. त्यांच्या चित्रातून गाई जात होत्या. गाईंच्या मागे म्हशी, म्हशींच्या मागे बकऱ्या, आणि बकऱ्यांच्या मागे कलाबाई. उकंडरावांच्या भावकीतली, आवाज असा की बोलली की बकऱ्या कान पाडत.

माणिकराव धावत माळावर गेले. "अहो बाई! हे काय चाललंय?"

"चरून राह्यले," कलाबाईने माहिती दिली.

"पण का?"

"गोटे उठले ना!"

"गोट्यांचा काय संबंध?"

कलाबाईने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं. "मास्तर, आखाडात उकंडरावबुवा माळाले गोटे मांडते. गोट्याच्या आत गावाचं गवत, दसऱ्यापावतर बंद. एक जनावर सोडाचं नाई, एक काडी तोडाची नाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गवत सुटते. मंग घराघरातून विळे निघते अन घरामागं एकेक भारा भेटते. आजाच्या काळापासून हाय हे. औंदा बुवानं गोटे लवकर उचलले. उचलून गेले असतीन लेकीकडं जाता जाता. गोटे उठले म्हंजे गवत सुटलं, चारा आपापली ढोरं!"

माणिकरावांच्या पायाखालचा माळ सरकला. म्हणजे जो काही उरला होता तो.

एक वाक्य पुरलं असतं : बाई, गोटे मी उचलले, जनावरं मागे घ्या. पण ते वाक्य बोलायला तोंड उघडावं तर समोर दोन-अडीचशे जनावरं, वीस-पंचवीस गावकरी आणि त्यांच्या हातांत काठ्या. माणिकरावांनी तोंड मिटलं आणि ते घरी आले. आशाबाईंना मात्र सगळं सांगितलं.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा गावाले," आशाबाई म्हणाल्या.

"सांगतो."

"कवा?"

"योग्य वेळ पाहून."

योग्य वेळ पाहता पाहता आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी सांगण्यासारखं काही राहिलं नाही. माळ असा झाला होता, जणू न्हाव्याकडे नेऊन त्याची हजामत केली आहे. स्टुडिओच्या भव्य काचेतून आता दगड, शेण आणि दुपारी तीननंतर फक्त सूर्य दिसत होता. माणिकराव गॉगल घालून काचेसमोर बसत. कॅनव्हास पांढरा तो पांढराच.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गवत होतं! सबंध कुसळखेडमध्ये आता एकाच जागी होतं. त्यांच्या दीड एकरात आणि त्यांच्या छपरावर. आशाबाईंनी काठी घेऊन ते राखलं होतं. पवन्या कमरेला लागत होता, तुरे आले होते आणि रोज थोडा थोडा सोन्याकडे झुकत होता. छपराच्या पायथ्याशी पालथं पडून वर पाहिलं तर हुबेहूब ते वळण दिसायचं. तेच दहा सेकंद. फक्त आता ते संपत नव्हते.

"दोन दिवस," माणिकराव पोटावर पडल्या पडल्या म्हणाले. "अजून दोन दिवसांत रंग येतो."

रंग आला तो नेमका दसऱ्याला. सकाळचं तिरपं ऊन, मंद वारा, सगळं छप्पर एका अंगाला कलंडलेलं. माणिकराव आत धावले. ब्रश देवापुढे होते. सोळाच्या सोळा, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून. शेजारी विळी, कात्री आणि कुकर.

"कालपासून पूजेत हाय ते," आशाबाईंनी हात आडवा केला. "आज हात लावाचा नाई. उद्या उचला."

"अगं, पण गवत आज आहे!"

"उद्या कुठं जाऊन राह्यलं ते?"

माणिकरावांनाही ते पटलं. गवत कुठे जाणार?

दुपारी उकंडराव सोनं द्यायला आले. वडनेरहून सकाळीच परतले होते. त्यांनी माळ पाहिला होता. आता ते दाराशी उभे राहून दीड एकराभोवतीचे एक्केचाळीस गोटे पाहत होते. एकेक, मोजून.

"मास्तर, हे गोटे..."

"ते... उकंडराव... त्याचं असं झालं..."

"समजलं मले," उकंडराव म्हणाले. "माळ चरून गेला. गावाले काडी राह्यली नाई. म्हणून तुमी सोताच्या रानाले गोटे मांडले! सोताचं गवत गावासाठी राखलं! बाहेरून आलेला मानूस, मास्तर, अन एवढं मन! पाया पडू द्या."

आणि सत्तरीचा माणूस खरोखर वाकला.

वाचकहो, इथे एखादा सामान्य माणूस असता तर खरं बोलून मोकळा झाला असता. पण माणिकराव कलावंत होते. तेहतीस वर्षांत त्यांच्या पाया कोणी पडलं नव्हतं, कॉपी पकडलेली पोरं सोडून. त्यांनी उकंडरावांना खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!"

"मंग उद्या सकायी," उकंडराव डोळे पुसत म्हणाले.

"काय उद्या सकाळी?"

"गाव येते."

ते गेल्यावर माणिकराव बराच वेळ प्रसन्न होते. "गाव सत्कार करणार वाटतं," ते म्हणाले.

"विळे घेऊन येतीन ते," आशाबाई म्हणाल्या.

"सत्काराला विळे कशाला?"

आशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या कुकर देवापुढून उचलायला गेल्या. कलेचं उद्या पाहता आलं असतं, डाळ आजच शिजायची होती.

सकाळी साडेसातला दोन गोष्टी एकदम झाल्या. पुण्याहून निशिगंधा गाडीने आली, सोबत समता नावाची फोटोग्राफर. घराचे फोटो काढून ते एका स्पर्धेला पाठवायचे होते. आणि दुसऱ्या बाजूने गाव आलं. बासष्ट घरांमागे एकेक माणूस, हातात कालच पूजलेला, धार लावलेला विळा, खांद्यावर दोर. पुढे हलगी.

माणिकरावांना अंगणात खुर्ची दिली. टिळा लावला, नारळ दिला, शेला घातला. उकंडराव बोलायला उभे राहिले.

"गोट्याच्या आतलं गवत गावाचं, हे आपल्या आजापासून हाय. पण सोताच्या घराले कोनी गोटे मांडले, हे मी सत्तर वर्सात पाह्यलं नाई. घरादारासकट देल्लं या मानसानं!"

हलगी कडाडली. माणिकरावांना तेव्हा कळलं. ते ताडकन उठले. आता बोलायचंच : हे सगळं चुकून झालं, गोटे मी उचलले, तुमचा माळ माझ्यामुळे गेला, पण माझं छप्पर चार दिवस राहू द्या, फक्त चार दिवस, मला आयुष्यात एकच चित्र काढायचं आहे! त्यांनी तोंड उघडलं. कलाबाईने त्यात पेढा घातला.

पेढा मेहकरचा होता, मोठा होता. तो गिळेपर्यंत कलाबाईसकट पाच जण छपरावर होते.

"मामा!" निशिगंधा किंचाळली. "ते माझ्या एलिव्हेशनवर चढलेत! थांबवा त्यांना!"

"बाई," माणिकराव कसंबसं म्हणाले, "त्याच्या खाली स्टुडिओ आहे..."

"हळूच कापून राह्यलो मास्तर," वरून कलाबाई ओरडली. "झोपू द्या तुमच्या स्टुडिओले!"

"किती ऑथेंटिक!" समता म्हणाली आणि खटाखट फोटो काढू लागली.

विळ्यांचा आवाज सुरू झाला. सर सर सर. वर्षभर कुसळखेडात कोणतंही काम इतक्या शिस्तीत झालं नव्हतं. माणसं ओळ धरून पुढे सरकत होती आणि त्यांच्यामागे तेहतीस वर्षं आडवी पडत होती. माणिकराव गळ्यात शेला, हातात नारळ घेऊन उभे होते. येणारा-जाणारा त्यांना नमस्कार करत होता आणि ते परत नमस्कार करत होते, नारळासकट. अकराच्या सुमाराला छप्पर उघडं पडलं. निसर्गाशी एकरूप झालेल्या त्या छपरावर, माती धुपलेल्या जागी काळी ताडपत्री निघाली, काही विटा निघाल्या आणि युसूफ मिस्त्रींची पाण्याची बाटली निघाली, जिच्यावरून त्यांनी मे महिन्यात दोन मजूर कामावरून काढले होते.

निशिगंधा गाडीत जाऊन बसली आणि तिने काच वर केली.

शेवटचा भारा उकंडरावांनी स्वतः बांधला आणि माणिकरावांच्या दाराशी आणून टाकला. "हा तुमचा. आता तुमी बी गावातले."

गाव गेलं. माणिकराव स्टुडिओत गेले. काचेपुढे बोडका माळ, काचेमागे कोरा कॅनव्हास, आणि दोन्हींवर सारखंच रखरखीत ऊन. त्यांनी प्रदर्शनाची पुस्तिका काढली. पान अकरा, 'माळ', चार बाय सहा. त्यांनी पुस्तिका मिटली आणि नारळ मांडीवर घेऊन बसून राहिले. तो माणूस रडला असं आम्ही म्हणणार नाही. गॉगल होता, दिसलं नाही.

"अवो," आशाबाईंनी हाक मारली. "तो भारा म्हैस ओढून नेऊन राह्यली होती. मी आत आणून ठेवला. जरा सरकवून द्या, मले ओट्यापाशी जाता येत नाई."

माणिकराव स्वयंपाकघरात गेले. भारा भिंतीला टेकून उभा होता, माणसाच्या उंचीचा, त्या नकाशाबाहेरच्या खिडकीखाली. खिडकीतून उकिरड्यावरून येणारा उत्तरेचा उजेड त्याच्यावर पडला होता, शांत, एकसारखा. एकेक तुरा वेगळा दिसत होता. काही काड्या हिरव्या राहिल्या होत्या, काही तांबूस, आणि बाकी सगळं सोनं. दोराने आवळल्यामुळे सगळा भारा एका अंगाला कलंडला होता.

"सरकवता ना?"

"हात लावू नकोस," माणिकराव म्हणाले. आवाज असा होता, की आशाबाईंनी खरोखर हात मागे घेतला.

पुढचे चार दिवस त्या घरात स्वयंपाक चार बाय सहाच्या कॅनव्हासखालून वाकून झाला. तेलरंग वाळले नसते म्हणून ॲक्रिलिक घेतले. माणिकराव जेवण उभ्याने घेत होते, एकदा ब्रश ताकात बुडवला. तिसऱ्या दिवशी कढीची फोडणी उडाली आणि एक मोहरी उजव्या कोपऱ्यात चिकटली. ती त्यांनी काढली नाही. दिसतं तेच काढायचं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी युसूफ मिस्त्रींच्या टेम्पोत, दोन गाद्यांच्या मध्ये, चित्र अमरावतीला पोचलं. पुस्तिकेत नाव छापून झालेलं असल्यामुळे स्वयंपाकघरात भिंतीला टेकलेला गवताचा एक भारा 'माळ' म्हणून भिंतीवर लागला. लोक त्यापुढे थांबत होते. एका समीक्षकाने लिहिलं, की चित्रकाराने माळ न दाखवता माळाचं नसणं दाखवलं आहे, आणि कोपऱ्यातला तो एक काळा बिंदू अस्वस्थ करतो. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. निशिगंधाच्या घरालाही स्पर्धेत प्रशस्तिपत्र मिळालं. छपरावर विळे घेऊन उभ्या असलेल्या कलाबाईच्या फोटोखाली छापून आलं, 'समुदायासाठी खुली असलेली वास्तू'. निशिगंधा आता ते भाषणात सांगते.

परत आल्यावर माणिकरावांना राहवलं नाही. ते गोठ्यात गेले. उकंडराव धार काढत होते.

"उकंडराव, एक सांगायचंय. ते गोटे माळावरून मीच उचलले होते."

"माईत हाय मले," उकंडराव मान वर न करता म्हणाले. "माळापासून तुमच्या दारापावतर चुना सांडेल होता. टेम्पोच्या चाकाच्या दोन लायनी."

"मग तुम्ही माझ्या पाया का पडलात?"

"नाई तं तुमी नाई म्हटलं असतं." त्यांनी चरवी बाजूला ठेवली. "गावाचं गवत तुमच्या हातानं गेलं, मास्तर. कोनाचं तरी द्या लागत होतं. भांडून घेतलं असतं तं शेला कोनाले घातला असता?"

पुढच्या आखाडात गोटे पुन्हा माळावर जाणार आहेत. चुना लावायचं काम गावाने माणिकरावांकडे दिलंय, कारण ते चित्रकार आहेत. छपरावर युसूफ मिस्त्रींनी पत्रे टाकले. माणिकराव रोज सकाळी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी, उत्तरेच्या खिडकीखाली चित्रं काढतात.

स्टुडिओत पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं आणि फरशी छान तापते. तिथे सध्या उकंडरावांचं सोयाबीन वाळत घातलं आहे.